उप्साल्याचा हिंवाळा

युरोपचा प्रवास म्हटला कीं लंडनचा पूल, पॅरिसचा मनोरा आणि स्वित्झर्लंडचीं हिमशिखरें हीं वाचकांच्या डोळ्यांपुढें उभीं राहतात, आणि प्रवासाचा काळ म्हणजे मे-जूनचे लांबलचक, उजळ दिवस हें ठरलेलेंच असतें. साठाव्या अक्षांशाजवळील एका शांत विद्यापीठनगरींत, तेंही ऐन हिंवाळ्यांत, हौसेनें कोणी जात नाहीं. आम्हीही केवळ हौसेनें गेलों नाहीं. आमचे चिरंजीव नोकरीच्या निमित्तानें चार वर्षांपासून स्वीडनमधील उप्साला या गांवीं राहतात. आम्ही उभयतांनीं तेथें यावें, नातवाला बाराखडी शिकवावी आणि पुढेंही वर्षांतील शक्य तितका काळ तेथेंच काढावा, असा त्यांचा व सूनबाईंचा आग्रह होता. ज्या देशांत उरलेल्या आयुष्याचा मोठा भाग घालवावयाचा, त्याचा सर्वांत कठीण ऋतु आधीं पाहावा आणि मग काय तें ठरवावें, असें आम्हीं मनाशीं योजिलें, व गेल्या नोव्हेंबरच्या अखेरीस सौ. मंडळींसह आजऱ्याहून प्रस्थान ठेविलें.

हा प्रश्न आमच्या एकट्याच्याच घरचा असता तर त्यासाठीं मासिकाचीं चार पानें अडविण्याचें कारण नव्हतें. परंतु ज्यांचें एकही अपत्य परदेशीं नाहीं असें घर आज आपल्या समाजांत शोधावें लागतें, आणि ‘बाबा, आतां इकडेच या’ हें वाक्य ज्यांनीं दूरध्वनीवर ऐकलें नाहीं असे आईबाप त्याहूनही थोडे. त्यांस आमच्या जवळजवळ तीन महिन्यांच्या अनुभवाचा कांहीं उपयोग व्हावा, एवढाच या लेखाचा हेतु आहे.

आमच्या मुलखांतून युरोपास जाणें ही नवलाची गोष्ट राहिलेली नाहीं. कोल्हापूरचे छत्रपति राजाराम महाराज १८७० सालीं इंग्लंडला गेले, आणि परततांना त्याच वर्षीच्या ३० नोव्हेंबर रोजीं इटलींतील फ्लॉरेन्स येथें ऐन विशींत निवर्तले. त्यांची छत्री तेथें आर्नो नदीजवळ आजही उभी आहे. ज्यांच्या जहागिरींत आमचा आजरा महाल होता ते इचलकरंजीचे अधिपति नारायणराव बाबासाहेब घोरपडे १९१३ सालीं युरोप पाहून आले व त्यांनीं आपले विचार इंग्रजींत पुस्तकरूपानें प्रसिद्ध केले. गोव्यांतील सांखवळचे धर्मानंद कोसंबी १९२९ सालीं बौद्ध विद्येच्या कामासाठीं लेनिनग्राडास गेले. तें नगर जवळजवळ उप्साल्याच्याच अक्षांशावर आहे. या सर्व प्रवाशांचें घर कोठें आहे याविषयीं त्यांस किंवा इतरांस कधीं संशय पडला नाहीं. आमच्या पिढीच्या आईबापांस मात्र तोच संशय पडूं लागला आहे.

गांव आणि थंडी

उप्साला हें स्वीडनची राजधानी स्टॉकहोम हिच्या उत्तरेस सुमारें सत्तर किलोमीटरांवर, फ्युरिस नांवाच्या एका लहान नदीच्या दोन्ही तीरांवर वसलें आहे. नदी इतकी बेताची कीं आमच्या हिरण्यकेशीची श्रावणांतील ऐट तिला कधीं यावयाची नाहीं. गांवावर सत्ता दोन वास्तूंची. एक तांबड्या विटांचें प्रधान मंदिर, आणि दुसरी १४७७ सालीं स्थापन झालेलें विद्यापीठ. उत्तर युरोपच्या त्या सर्व प्रदेशांत याहून जुनें विद्यापीठ नाहीं. प्रधान मंदिर १४३५ सालीं पुरें होऊन त्याची प्रतिष्ठा झाली. त्याचीं शिखरें ११८ मीटरांहून उंच आहेत, आणि मंदिराची लांबीही तितकीच आहे.

थंडीचें भय आपल्या लोकांस फार. आम्हांसही होतें. परंतु थंडी ही सोसावयाची नसून तिची व्यवस्था लावावयाची असते, हें तेथें पहिल्याच दिवशीं कळून आलें. बाहेर उणें बारा अंश असतां घरांत अधिक एकवीस अंश असत, आणि घरांत चूल नाहीं, शेगडी नाहीं, धूर नाहीं. गांवाबाहेरील एका कारखान्यांत मुख्यतः कचरा जाळून पाणी तापवितात व तें जमिनीखालील नळांनीं घरोघरीं फिरवितात. खिडक्यांस कांचेचे तीन तीन पडदे असतात व त्यांमध्यें हवा कोंडलेली असते. बाहेर पडतांना अंगावर एकावर एक तीन थर चढवावयाचे; आंतला घाम टिपणारा, मधला ऊब धरणारा व वरचा वारा अडविणारा. तेथील लोक म्हणतात कीं वाईट हवा म्हणून कांहीं नसतेच, वाईट कपडे तेवढे असतात. खरें भय थंडीचें नसून निसरड्या बर्फाचें आहे. आमच्या वयाच्या माणसांनीं जोड्यांच्या तळव्यांस लावावयाचे खिळे पहिल्याच दिवशीं विकत घ्यावेत, आणि रस्त्यावर रेती टाकलेली असेल तेथूनच चालावें.

आणि ज्या अंशांनीं आपण ही थंडी मोजतों ते अंशही याच गांवचे. आंद्रेस सेल्सियस हा उप्साल्याच्या विद्यापीठांतील ज्योतिषाचा अध्यापक. त्यानें १७४२ सालीं आपली मोजपट्टी मांडली. मौज अशी कीं त्यानें पाणी उकळण्याच्या ठिकाणीं शून्य व गोठण्याच्या ठिकाणीं शंभर असे आंकडे घातले होते. त्याच्या मागें ते उलटे करण्यांत आले. त्याच्या वेधशाळेची जुनी इमारत बाजाराच्या रस्त्यावर अजून आहे, आणि रस्त्याच्या ओळीशीं न जुळतां ती किंचित् तिरपी उभी आहे. आपल्या घरांत ताप फॅरनहाइटचा व हवा सेल्सियसची, अशी दोघां विद्वानांची वांटणी चालूं असते. त्यांतील एकाच्या दारावरून आम्ही रोज भाजी आणावयास जात होतों.

सहा तासांचा दिवस

थंडीपेक्षां निराळी व अधिक खोल परीक्षा काळोखाची. डिसेंबरच्या २१ तारखेस आजऱ्यास सूर्य सुमारें अकरा तास आकाशांत असतो व मध्यान्हीं क्षितिजापासून पन्नास अंश चढतो. त्याच दिवशीं उप्साल्यास तो नवाला कांहीं मिनिटें कमी असतां उगवतो, पावणेतीनाच्या सुमारास मावळतो, आणि भर दुपारीं सुद्धां सात अंशांवर जात नाहीं. हात लांब करून मूठ क्षितिजावर धरली तर सूर्य दिवसभर मुठीच्या आडच राहील, इतका तो खालून जातो. हेंही आकाश निरभ्र असेल तर! ढग दाटले म्हणजे आठ आठ दिवस सूर्यदर्शन नाहीं. उलट जूनमध्यें दिवस जवळजवळ एकोणीस तासांचा होतो व रात्रीं पुरता अंधार पडतच नाहीं. पण त्या सुखाची कल्पना डिसेंबरांत बसून करतां येत नाहीं.

आमची त्रिकाळ संध्या पांच तपें घड्याळ्याकडे न पाहतां चाललेली. तेथें प्रातःसंध्या नवाच्या आधीं, माध्यान्ह पावणेबारास आणि जेवणाचीं ताटें उचलतात न उचलतात तों सायंसंध्या! ‘आजोबा, तुमची संध्याकाळ शाळा सुटण्याच्या आधीं कशी होते?’ असा नातवाचा प्रश्न. अर्घ्य घड्याळाला द्यावयाचें कीं सूर्याला, असा विचार करून आम्हीं सूर्याचीच बाजू घेतली. त्यामुळें एक लाभ झाला. रोज सकाळीं आठापासून पूर्वेकडील खिडकींत बसण्याचा नेम पडला, आणि पहांट म्हणजे काय हें आम्हीं तेथें पाहिलें.

आपल्याकडे सूर्य जवळजवळ सरळ वर येतो. वाचण्याइतका उजेड पडल्यापासून बिंब दिसेपर्यंत आजऱ्यास पंचवीस मिनिटेंही लागत नाहींत. उत्तरेस सूर्याचा मार्ग क्षितिजाशीं अगदीं तिरपा असतो. तो वर येण्याऐवजीं क्षितिजाच्या कडेकडेनें सरकत राहतो, आणि उप्साल्यास त्याच गोष्टीला पाऊण तासाहून अधिक वेळ लागतो. आधीं बर्फावर निळी छाया, मग दक्षिणपूर्वेस पिंवळट पट्टा, मग गुलाबी, मग तांबडा. आणि प्रत्येक वेळीं वाटावें कीं आतां येईल, तरी तो येत नाहीं. ऋग्वेदांत उषेला उद्देशून सुमारें वीस सूक्तें आहेत. कोंकणच्या किंवा देशावरच्या पहांटेवरून तीं वाचलीं म्हणजे ऋषींनीं एवढी स्तुति, एवढी वाट पाहणें व एवढी काकुळति एका अर्ध्या घटकेच्या देखाव्यासाठीं कां खर्चिली असा प्रश्न विद्यार्थी विचारितात. त्या खिडकींत बसल्यावर तो प्रश्न उरत नाहीं.

येथें लोकमान्य टिळकांची आठवण अपरिहार्यच आहे. त्यांचा ‘आर्क्टिक होम इन द वेदाज’ हा ग्रंथ १९०३ सालीं प्रसिद्ध झाला. त्याचें बीज त्यांच्या १८९७-९८ च्या कारावासांत पडलें. मॅक्समुल्लर यांनीं ऋग्वेदाची आपली प्रत तुरुंगांत धाडली, आणि ती वाचण्यासाठीं रात्रीं कांहीं तास दिवा मिळण्याचीही परवानगी झाली. दीर्घ रात्रीवरील ग्रंथाचा आरंभ असा मोजून मिळालेल्या दिव्याच्या उजेडांत व्हावा, हा योग विलक्षणच म्हणावयाचा. ऋग्वेदांत उषेचें अनेकवचन येतें. यास्कानें निरुक्तांत तें आदरार्थी मानलें. टिळक म्हणाले कीं तें शब्दशः घ्या. जेथें पहांटच कित्येक दिवस चालते अशा ध्रुवप्रदेशांतील तें वर्णन आहे. तैत्तिरीय संहितेंतील तीस भगिनी असलेल्या उषा, सूर्योदयापूर्वीं हजार ऋचा म्हणावयाचें आश्विनशस्त्र, देवांचा एक अहोरात्र म्हणजे मनुष्यांचें एक वर्ष ही कल्पना, अशीं कितीतरी प्रमाणें त्यांनीं एकत्र गुंफलीं.

हा सिद्धान्त आजचे विद्वान् मान्य करीत नाहींत, हें वाचकांस सांगितलें पाहिजे. त्याविरुद्ध एक साक्ष तर त्या उत्तरेकडील भूमीच देते. दहा-अकरा हजार वर्षांपूर्वीं तो सारा प्रदेश हिमाच्या प्रचंड थराखालून नुकता सुटत होता, आणि आजचें उप्साला आहे तेथें समुद्र होता. हिमाचें ओझें उतरल्यामुळें तेथील जमीन अजूनही दरवर्षीं सुमारें अर्धा सेंटिमीटर वर येत आहे. उप्सालाही ध्रुववृत्ताच्या खालींच आहे. सूर्य मुळींच न उगवणारी रात्र पाहावयाची तर याच देशांतील किरुना या गांवापर्यंत वर जावें लागतें, आणि तेथें ती सुमारें तीन आठवडे असते. सिद्धान्त टिको वा न टिको, टिळकांनीं एक मोठी गोष्ट केली. वैदिक ऋषींचें भय हें अलंकार नसून भय आहे, असें त्यांनीं वाचावयास शिकविलें. ही रात्र आतां उजाडणारच नाहीं अशी भीति प्राचीनांस वाटत असे, असें तैत्तिरीय संहितेंत स्पष्ट म्हटलें आहे. त्या भीतीचा अर्थ आम्हांस पुस्तकाबाहेर, आमच्याच घरांत कळावयाचा होता. तो वृत्तान्त पुढें येईल. तत्पूर्वीं या गांवच्या विद्वानांची ओळख करून देतों.

बर्फांतील विद्या

आपल्या पूर्वजांचें मूलस्थान शोधूं पाहणारा एक पंडित उप्साल्यासही टिळकांपूर्वीं दोनशें वर्षें होऊन गेला. ओलोफ रुडबेक हा त्या विद्यापीठाचा वैद्य, शरीरशास्त्रज्ञ, स्थपति, सर्व कांहीं. गुस्तावियानुम नांवाच्या इमारतीच्या माथ्यावर त्यानें बांधिलेली शरीरशिक्षणाची अष्टकोनी रंगशाळा अजून पाहावयास मिळते. यानें १६७९ पासून ‘आटलांटिका’ या नांवानें मोठमोठे ग्रंथ काढून असें प्रतिपादिलें कीं प्लेटोनें वर्णिलेला लुप्त देश म्हणजे स्वीडनच, आणि त्याची राजधानी उप्साल्याबाहेर पांच किलोमीटरांवरील जुनें उप्साला. तेथें सहाव्या शतकांतील राजांचे तीन भव्य दफनढिगारे आहेत. बर्फानें झांकलेले ते आम्हांस एखाद्या डोंगराच्या पाठीसारखे भासले. १७०२ सालीं गांवास मोठी आग लागली. स्वतःचें घर जळत असतां सत्तरी ओलांडलेला हा म्हातारा विद्यापीठाच्या छपरावर चढून लोकांस हुकूम देत राहिला. विद्यापीठाची ती इमारत वांचली. त्याच्या ग्रंथाचा शेवटचा भाग बहुतेक जळाला, व तोही त्याच वर्षीं वारला. रुडबेकचा सिद्धान्तही आज कोणी मानीत नाहीं, परंतु मातीचे थर मोजून काळ ठरविण्याची त्याची रीत पुढील संशोधकांस मार्गदर्शक झाली. एकानें सर्व जग आपल्या गांवांतून निघालें म्हटलें, दुसऱ्यानें आपण दूरच्या उत्तरेहून आलों म्हटलें. दोघांसही घर कोठें हाच ध्यास.

तिसरा विद्वान् लिनियस. त्याची बाग नदीच्या पलीकडे बर्फाखालीं निजलेली होती. आजऱ्याच्या माणसानें तेथें हात जोडावेत असें कारण आहे. आमच्या गांवचा सुवासिक घनसाळ तांदूळ, परसांतला आंबा व डोंगरउतारावरचा काजू, या तिन्ही वनस्पतींस आज जगभर चालणारीं शास्त्रीय नांवें त्यानें आपल्या १७५३ च्या ग्रंथांत दिलीं. भाताला ओरायझा सटायव्हा, आंब्याला मँजिफेरा इंडिका आणि काजूला अ‍ॅनाकार्डियम ऑक्सिडेंटल. हिंदुस्थानांत तो कधीं आला नाहीं. व्यापारी व शिष्य यांनीं आणिलेल्या वाळक्या फांद्यांवरून, बर्फांत बसून, त्यानें आमच्या परसाचें बारसें केलें. त्याची समाधि प्रधान मंदिरांत आहे.

परंतु संस्कृताच्या शिक्षकास खरा खजिना कारोलिना रेदिविवा या ग्रंथालयांत सांपडतो. तेथें जांभळ्या रंगविलेल्या चर्मपत्रावर चांदीच्या व सोन्याच्या शाईनें लिहिलेलें सहाव्या शतकांतील एक पुस्तक आहे. भाषा गॉथिक, बोलणारे लोक केव्हांच लुप्त झालेले. तिच्यांत मुलाला ‘सुनुस’ म्हणतात, आपल्या सूनुसारखें, विधवेला ‘विदुवो’, रात्रीला ‘नाहत्स’, आपल्या नक्तासारखें. सर विल्यम जोन्स यांनीं १७८६ सालीं कलकत्त्यास संस्कृत, ग्रीक व लॅटिन एकाच उगमाच्या असाव्यात असें सांगितलें तेव्हां गॉथिकचाही त्यांत समावेश केला होता. पुत्र, वैधव्य आणि रात्र! मनुष्याच्या काळजाशीं लागून असलेले हे शब्द सहस्रावधि कोसांवर व सहस्रावधि वर्षांनींही एकमेकांस ओळखतात. नातवाला बाराखडी शिकविण्याचें आमचें काम त्या दिवसापासून अधिक हुरुपानें चाललें.

दोन प्रकारची शांतता

आतां त्या नगराच्या शांततेविषयीं. मोटारींस शिंग आहे, पण तें कोणी वाजवीत नाहीं. गाड्यांत लोक हळू बोलतात किंवा बोलतच नाहींत. त्यांत ताजा बर्फ पडला म्हणजे त्याच्या पोकळींत ध्वनि मुरून जातो आणि उरलासुरला आवाजही मावळतो. पहिला आठवडा आम्हांस हा स्वर्ग वाटला. दुसऱ्या आठवड्यांत आम्ही पावलांचे आवाज ऐकूं लागलों. तिसऱ्या आठवड्यांत सौ. अबोल झाल्या. चिरंजीव व सूनबाई कामावर, नातू शाळेंत, खिडकींत अंधार, आणि शेजारी कोण राहतें तें ठाऊक नाहीं. ‘अहो, हें उजाडणार तरी केव्हां?’ असें त्या दुपारीं तीन वाजतां म्हणाल्या, तेव्हां संहितेंतील प्राचीनांचें भय आमच्यापुढें खुर्चीवर बसलेलें होतें.

त्यावर तेथील लोकांचे उपाय साधे व अनुभवाचे आहेत. दुपारीं अकरा ते एक या वेळांत, हवा कशीही असो, बाहेर चालून यावयाचें. सूर्यप्रकाशाअभावीं अंगांत कमी पडणारें ड जीवनसत्त्व वैद्याच्या सल्ल्यानें घ्यावयाचें. आणि खिडकींत दिवा लावावयाचा. या शेवटच्या रीतीनें आमचें लक्ष फार वेधलें. नाताळापूर्वींच्या चौथ्या रविवारापासून प्रत्येक घराच्या प्रत्येक खिडकींत सात ज्योतींची दिवली किंवा कागदी तारका लागते. ती घरच्यांच्या उजेडासाठीं नसते. तोंड रस्त्याकडे असतें. काळोखांतून जाणाऱ्या परक्या वाटसरूला, येथें माणूस आहे, एवढें सांगण्यासाठीं ती असते. आपल्या कार्तिकांतला आकाशदिवा तो दुसरा काय? १३ डिसेंबर रोजीं लूसियेचा सण. जुन्या पंचांगाप्रमाणें ही वर्षांतील सर्वांत मोठी रात्र मानीत. त्या पहांटे पांढऱ्या वस्त्रांतील मुली डोक्यावर ज्योतींचा मुकुट घालून गात येतात, आणि सर्वांस केशराचे गोड पाव वांटतात. केशराचा वास येतांच सौ. कित्येक दिवसांनीं हंसल्या.

आमच्या समोरच्या बिऱ्हाडांत एक वृद्ध बाई एकट्या राहत. त्याही निवृत्त शिक्षिका. रोज तीन वाजतां त्यांची सात ज्योतींची दिवली लागे, आणि सौ. आपल्या खिडकींतून ती पाहत. ओळख नव्हती, भाषा नव्हती; दिवा दिसला कीं एक जण आहे, एवढाच संबंध. नाताळ होऊन तीन दिवस झाले असतील. त्या दुपारीं चार वाजले, साडेचार वाजले, तरी ती खिडकी काळीच. सौ. दोनदां उठून पाहून आल्या, आणि सूनबाई येतांच त्यांनीं त्यांना कोट काढूं दिला नाहीं. दार वाजविलें, उत्तर नाहीं. ११२ या क्रमांकावर खबर दिली. दार उघडलें तेव्हां बाई स्वयंपाकघरांत जमिनीवर पडलेल्या होत्या. सकाळींच पाय घसरला होता. उठतां येत नव्हतें. सुदैवानें हाड मोडलें नव्हतें. पांच दिवसांनीं त्या काठी टेकीत परत आल्या आणि त्या संध्याकाळीं दिवली लागली. दुसऱ्या दिवशीं सौ. केशर घातलेला शिरा घेऊन गेल्या. दोघी तासभर बसल्या होत्या. काय बोलल्या तें दोघींनाच ठाऊक.

या प्रसंगानें आम्हांस त्या नगराच्या शांततेचीं दोन्ही अंगें दिसलीं. तेथील शांतता घडविलेली आहे. दुसऱ्याच्या कानांस व मनास उपद्रव देऊं नये या शिस्तींतून ती आली आहे. पण तिच्या पोटांत एकटेपण आहे, हेंही खरें. अनेक घरांत एकेकच माणूस राहतें, आणि दिवस दिवस त्याचें नांव कोणी उच्चारीत नाहीं. आपल्याकडे असें नाहीं, असें म्हणण्याची सोय मात्र आतां उरली नाहीं. आमच्या आजऱ्याच्या आळींत निम्म्या घरांस कुलपें आहेत. उरलेल्यांतील बहुतेकांत साठी उलटलेलीं दोघें दोघें किंवा एकेकटीं आहेत. रावळनाथाच्या देवळांतील घंटा ऐकूं येते, पण ओट्यावर बोलणें ऐकूं येत नाहीं. ही शांतता कोणी घडविलेली नाहीं. माणसें गेलीं व ती उरली. घडविलेल्या शांततेला निदान खिडकींतला दिवा तरी असतो.

निर्णय

फेब्रुवारींत दिवस भराभर वाढूं लागला. पाहुण्यास कोणत्याही एकशें ऐंशी दिवसांत नव्वद दिवसांहून अधिक राहण्याची मुभा नसते. आमचे नव्वद पुरे होत आले तेव्हां चिरंजीवांनीं पुन्हां विचारलें. आमचें उत्तर असें झालें. घर म्हणजे वडिलोपार्जित भिंती नव्हेत, आणि मुलगा जेथें कमावतो तें गांवही नव्हे. आपली खिडकी एखाद्या संध्याकाळीं काळी राहिली तर जेथें कोणाच्या तरी लक्षांत येतें, तें घर. या अर्थानें आजऱ्यास आम्हांस अजून घर आहे, आणि तें राहावें म्हणून तेथें कोणी तरी राहिलें पाहिजे. उप्साल्यासही एका खिडकीपुरतें आमचें घर झालें आहे. म्हणून दरवर्षीं तीन महिने जाऊं, आणि तेही हिंवाळ्याचेच. जूनमधील उजेडांत मुलांस आमची गरज नाहीं, डिसेंबरांत आहे. चिरंजीव कांहीं वेळ बोलले नाहींत. मग म्हणाले, ‘बाबा, मग परतीचें तिकीट दर वेळीं मीच काढीन.’ तें वाक्य त्यांस जड गेलें, व आम्हांसही.

निरोप घेतांना समोरच्या बाईंनीं सौ.ना एक कागदी तारका दिली. ती आमच्या रस्त्याकडच्या खिडकींत टांगली आहे. आळींतील आम्हीं उरलेल्या बिऱ्हाडांनीं आपसांत एक ठराव केला आहे. दिवेलागणीला प्रत्येकानें रस्त्याकडच्या खिडकींत एक दिवा लावावयाचा. सात वाजेपर्यंत ज्या घरीं तो दिसणार नाहीं, तेथें शेजाऱ्यानें जाऊन कडी वाजवावयाची. यास वर्गणी नाहीं, अध्यक्ष नाहीं, यंत्र नाहीं. आतांपर्यंत चार वेळां कडी वाजवावी लागली. तीन वेळां दिवा लावण्याचें विस्मरण झालें होतें, व मग ओट्यावर अर्धा तास गप्पा झाल्या. चौथ्या वेळीं एका वृद्ध गृहस्थांस ताप भरला होता, आणि डॉक्टर वेळेवर आले. ज्या वाचकांचीं मुलें दूर आहेत त्यांनीं उत्तरेस जावें किंवा न जावें, हें ज्याच्या त्याच्या प्रकृतीवर आहे. रस्त्याकडच्या खिडकींत दिवा मात्र आज संध्याकाळींच लावतां येण्यासारखा आहे.